हरणाची मान

२ एप्रिल

आणि वर म्हणे मीच नाजूक! पेंटीला म्हणावं, मालक असलास तरी एकदा तू उचल ती बादली, मग बोल. गेल्या वर्षी हेच, त्याच्या आदल्या वर्षी हेच. डुक्कर मी ओढायचं, आतडी मी पसरायची, आणि हा हात खिशात घालून सांगणार — जरा डावीकडे घे उर्मो, उजेड तिकडून येतो. मेलेल्या डुकराला उजेड कशाला? तर फोटोवाल्यांना लागतो. गरुडाच्या चोचीतलं आतडं चमकायला पाहिजे. त्याचे पैसे देतात लोक.

हातमोजा पुन्हा फाटलाय. सांगून झालं. म्हणतो, दुकानात गेलो की आणतो. गेल्या आठवड्यात दुकानात जाऊन आला — सॉसेज आणले, हातमोजे नाही.

डुक्कर मेलं होतं आठवड्यापूर्वी. आतून गरम होतं. बाहेर बर्फ, आत गरम. हात आत गेला तेव्हा ते कळलं. त्यानंतर जेवलो नाही.

पेंटीच्या बायकोने, इर्याने, कॅफेच्या स्वयंपाकघरात घेतलं, पण खुर्चीवर आधी वर्तमानपत्र पसरलं. वाईट वाटून घेऊ नकोस पोरा, म्हणाली. वाईट कसलं! मीपण पसरलं असतं.

३ एप्रिल

फोटोवाल्यांना बसायची तिन्ही लपणं साफ केली. पाहुणे पहाटे अंधारात आत शिरतात ते अंधार पडल्यावरच बाहेर पडतात, मधे दार उघडलं तर गरुड आठवडाभर फिरकत नाही. म्हणजे दिवसभराचं सगळं आतच. आतल्या बादलीत. गरुड बघून माणसं खूश होऊन घरी जातात, आणि मग ती बादली मी बघतो.

काल जर्मन होते. भरपूर चीज खाल्लेले.

५ एप्रिल

आजचं लिहून काढतो म्हणजे डोक्यातून जाईल.

सकाळी पेंटीला पोलिसांचा फोन. मोठ्या रस्त्यावर हरणाला गाडीने उडवलं, जनावर जिवंत आहे, या आणि संपवा. इकडे तशी पद्धत आहे. गावातल्या शिकाऱ्यांची नावं पोलिसांकडे असतात, जो जवळ असेल तो बंदूक घेऊन जातो. फुकट. पेंटी कधी नाही म्हणत नाही, रात्रीबेरात्रीही उठतो, ते खरं. तासाभराने हरीण गाडीमागच्या ट्रॉलीत. मागचा भाग चेचलेला, मांस माणसाच्या कामाचं नाही. म्हणाला, गरुडांना टाकू, डुक्कर संपत आलंय.

मी म्हटलं, परवान्यात लिहिलंय ना, गोळी घातलेलं जनावर ठेवायचं नाही म्हणून?

"हे गाडीने मारलंय. मी नुसतं संपवलं."

त्याच्या नोंदवहीतही तेच — गाडीखाली आलेलं. मुद्दाम खोटं बोलला असं नाही. इथे सगळेच असं बोलतात. गाडीने उडवलेलं हरीण ते गाडीचं. शेवटची गोळी कोणी धरतच नाही.

पोट मी फाडलं. गरुडांना जाड कातडं फाडता येत नाही, सुरुवात करून द्यावी लागते. मानेपाशी सुरी करकरली. बघितलं तर मांसात राखाडी कण. मिठाच्या खड्यांएवढे, काही त्याहून बारीक. शिसं. पेंटीला हाक मारून दाखवलं. वाकून बघितलं, डोकं खाजवलं. मग म्हणाला, मान खांद्यापासून काप, डोक्यासकट पिशवीत घाल आणि अंगणातल्या झाकणाच्या डब्यात टाक. बाकीचं चालेल.

कापली. पेंटी पुढे निघून गेला. मी पिशवी खांद्यावर टाकून दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेने निघालो. अर्ध्यात पिशवी फाटली. जीभ बाहेर आली आणि माझ्या मानेला लागली. थंड, ओली.

तिथेच ओकलो. फळ्यांवर गुडघे टेकून. मग ते सगळं धरलं आणि बोरूच्या बेटात भिरकावलं, जेवढं लांब जाईल तेवढं. डोमकावळे खातील. मला काय.

डब्यापर्यंत गेलोच नाही.

६ एप्रिल

साबण, मग राख, मग इर्याचं भांड्यांचं काय ते निळं. मानेवर अजून ती जीभ आहे.

९ एप्रिल

टाम्पेरेचे दोघे लपणात. मी मनोऱ्याच्या पायऱ्या खरवडत होतो. वर घाण कोणाची? पक्ष्यांची. पक्षी बघायला मनोरा बांधला, त्यावर पक्षीच बसून हागतात, आणि बघायला येणाऱ्यांना पाय घसरू नये म्हणून मी खरवडतो. कोणी हा धंदा काढला देव जाणे.

वर टेलेर्वोबाई होत्या. निवृत्त मास्तरीण. रोज सायकलवर थर्मास बांधून येतात, बर्फ असला तरी. दुर्बीण एवढी लांब की तोफ वाटावी. त्यांना सगळ्यात लाडकी ती गरुडीण — पलीकडच्या बेटावर पाइनच्या शेंड्यावर जिचं घरटं आहे ती. पायात कडं आहे, त्यावरून वय कळतं. माझ्यापेक्षा मोठी निघाली. टेलेर्वोबाई तिला आजीबाई म्हणतात. सध्या अंड्यांवर बसलीय. नर येऊन बदली करतो तेव्हा उठते, आमच्या मढ्याकडे येते, खाते, परत जाते.

मला म्हणाल्या, ये, बघ. बघितलं. एवढी मोठी चोच पिवळी, तिच्यावर रक्त वाळलेलं. मान लांब केली, हलवली, आणि भदकन एक गोळा ओकली — केस, हाडं. परत शांत बसली.

काय दिसलं, त्यांनी विचारलं.

घाण दिसली, मी म्हटलं.

एवढ्या हसल्या की थर्मासचं झाकण खाली पडलं. म्हणे, इथे येणारा प्रत्येक जण राजबिंडा, रुबाबदार असलंच काहीतरी बोलतो, शाळेतले निबंध ऐकून ऐकून कान किटलेत. मग त्यांनी डब्यातला काळा पाव दिला, वर खारवलेला मासा. माझ्या हातांचा वास पावाला. तरी खाल्ला. बाईंसमोर थुंकणार कसं?

१३ एप्रिल

घरी फोन. काइरेनेच उचलला — ताई असल्याचा सगळा माज फोनवर. अजून तिथेच का? परत कधी येणार? चार वर्षं झाली ना तुझ्या त्या एका वर्षाला? मग आई आली. चित्र दिसत होतं. बोलताना हात तोंडापुढे. मी म्हटलं, आई, मीच आहे, हात काढ. काढला नाही. वरचे दात सगळे गेलेत. दोन वर्षं ती सूप आणि भिजवलेला पाव खातेय. शेजारणीच्या मुलीच्या लग्नाला गेली नाही, सगळे एकत्र फोटो काढतील म्हणून.

तिकडे गावाकडच्या, वोरूच्या दातांच्या डॉक्टरने दहा जूनची वेळ दिलीय. निम्मे पैसे मी हिवाळ्यात भरले. राहिलेले आधी भरायचे. नऊशे. पेंटी मेच्या शेवटी हंगामाचे वरचे पैसे देतो, त्यात बसतं. आईला म्हटलं, झालंच समज. ती हसली. हाताच्या मागे हसली.

१४ एप्रिल

उन्तो भेटला दुकानात. खाडीपलीकडचा मेंढ्यावाला. याच्यासारखा ओंगळ म्हातारा मी खाडीच्या दोन्ही काठांवर पाहिला नाही. ओठाखाली तंबाखूची गोळी, हनुवटीवर तिचा ओघळ, आणि बोलताना तुमच्या तोंडाकडे बघून थुंकेल असं वाटतं. मला बघितलं की एकच: काय रे एस्टोनिया, टालिनमधे बियर केवढ्याला? चार वर्षं हेच. आणि नंतर स्वतःच हसणार.

आज सगळ्यांना ऐकवत होता — गरुडाने कोकरू नेलं, एखाद दिवशी घालतो गोळी, मग बघा तुमचे फोटो. कॅशवालीने डोळे फिरवले. दर वसंतात बोलतो हे.

१७ एप्रिल

दुपारी टेलेर्वोबाईंचा फोन. आवाज ओळखू आला नाही. मनोऱ्याच्या खाली ये, जाड कोट आण, पेंटीला सांग.

पेंटी शहरात. त्याचा कोट खुंटीवरून घेतला आणि पळालो.

आजीबाई एका झाडाखाली उभी होती. जमिनीवर. पंख दोन्ही बाजूंना लोंबतायत, जणू कोणीतरी खांद्यांवर ओलं घोंगडं टाकलंय. डोकं खाली. मी पाच पावलांवर गेलो तरी उडाली नाही. मागची पिसं हिरवी झालेली, हागल्याने. हिरवं, गडद, चिकट. टेलेर्वोबाई मागून हळू सांगत होत्या, पाय आधी धर, नख्या आधी.

कोट टाकला, उचललं. वजनच नाही! तो एवढा अजस्र पक्षी, आणि आतड्यांची बादली याहून जड. नख्या कोटातून हातात रुतल्या, पण ओरखडा उठेल एवढाही जोर नव्हता त्यात. नुसत्या धरल्यासारख्या. मग ती माझ्या छातीवर ओकली. पिवळं पाणी. कुजलेल्या माशाचा वास, आणि त्याखाली आणखी कसला तरी, धातूचा, जुनी किल्ली चाटावी तसा. डोळे उघडे. माझ्याकडे बघत होती की कुठेच नाही, माहीत नाही.

खोक्यात घालून टेलेर्वोबाईंच्या गाडीत ठेवलं, जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला आज सायकल सोडून ती आणली होती. त्या ताशी कितीने गेल्या असतील कोण जाणे, वळणावर धूळ उठली.

शर्ट जाळला.

१८ एप्रिल

मेली.

२२ एप्रिल

नर दोन दिवस अंड्यांवर बसला. मग उठून खायला गेला. मग परत बसला. काल उठला तो आलाच नाही. आज घरट्याच्या काठावर कावळे. टेलेर्वोबाईंनी दुर्बिणीचं झाकण लावलं आणि सायकल हातात धरून चालत घरी गेल्या. 

२६ एप्रिल

आजीबाईच्या तपासणीचा निकाल आला. क्ष-किरणात पोटात शिशाचे कण.

एवढंच आलंय, पण गावात कण राहिले नाहीत, गोळी झालीय. दुकानात, पंपावर, चर्चच्या पायरीवर — आजीबाईला गोळी घातली. कोणी? मग सगळे खाडीपलीकडे बघतात. स्वतःच बोलला होता की नाही दुकानात? बोलला होता. सगळ्यांनी ऐकलं. शिवाय कोल्ह्यांसाठी तो काठावर मारलेली जनावरं टाकतो, तेही अभयारण्याच्या हद्दीत.

पोलीस आले आणि चौकशी संपेपर्यंत उन्तोच्या बंदुका घेऊन गेले. इथे म्हाताऱ्याच्या बंदुका नेणं म्हणजे भर रस्त्यात विजार काढल्यासारखं. बापाची बंदूक होती म्हणतात त्यात एक.

मला आधी बरं वाटलं. लिहूनच ठेवतो, बरं वाटलं. थुंक आता, म्हटलं.

संध्याकाळी फळ्यांच्या वाटेने गेलो. बोरूत उतरलो, कमरेपर्यंत चिखल, तळातून बुडबुडे आणि सडक्या अंड्यांचा वास. शोधलं. एक जबडा सापडला, दात शाबूत. थोडं कातडं. मांस नाही. मानेचं तर काहीच नाही. बोरूत एक पांढरं पीस अडकलं होतं, आखूड, गरुडाच्या शेपटीचं.

जबडा तिथेच दाबला चिखलात.

१ मे

काल इथल्या वसंताच्या सणाची संध्याकाळ. इर्याने लिंबाचं आंबवलेलं पेय केलं, पिठाची तळलेली गुंतवळ केली साखर पेरून. गावातली पोरं पांढऱ्या टोप्या घालून बोंबलत फिरत होती. पेंटीने सौना, म्हणजे वाफेची खोली, तापवला, मला बोलावलं. नाही म्हणता येत नाही. वरच्या फळीवर तो, खाली मी. त्याचं पोट मांडीवर सांडलेलं, घाम टपटप माझ्या खांद्यावर. दगडांवर कागदात सॉसेज भाजत ठेवलेलं, त्याची चरबी जळतेय. घुसमट.  

मग म्हणाला, "मान डब्यात टाकलीस ना तू?"

"टाकली."

त्याने दगडांवर पाणी ओतलं. वाफेत तोंड दिसेना.

"त्यानंतरच्या सोमवारी डबा मीच रिकामा केला, उर्मो. त्यात पिशवी नव्हती."

 कान भाजत होते.

"मी तुला विचारलं नाही पिशवी कुठे गेली," तो म्हणाला. "तूही मला विचारू नकोस गोळी कोणाची होती. मानेतलं शिसं मानेतच राहतं असं नाही, मलाही कळतं ते. तिने तू टाकलंस तिथे खाल्लं की लपणासमोर, कोण सांगणार? परवाना गेला तर लपणं गेली. लपणं गेली तर इर्याचं कॅफे कोणासाठी? आणि तुझी आई दहा जूनला त्या खुर्चीत बसणार आहे ना?"

मी विचारलं, आणि उन्तो?

"उन्तोचं काय होणार आहे? उन्हाळ्यात परत देतील बंदुका. पुरावा नाही त्यांच्याकडे."

मग सॉसेज सोललं आणि अर्धं मला दिलं. वरून मोहरी लावली. घेतलं. चावलं. गिळवेना, आणि थुंकायला जागा नाही. गालात धरून बसलो, तो उठेपर्यंत.

रात्री झोप नाही. पेंटी वाईट माणूस आहे असं लिहायला बसलो होतो. लिहिता येत नाहीये. पोलिसांचा फोन आला तर आताही उठून जाईल. मला पहिल्या हिवाळ्यात ताप आला तेव्हा यानेच डॉक्टरकडे नेलं होतं, मागच्या सीटवर, आणि मी सीट घाण केली तर स्वतः धुतली. वाईट असता तर सोपं झालं असतं.

५ मे

दुकानात उन्तोच्या मागे उभा होतो. कॅशवालीने सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले नाहीत, काउंटरवर सरकवले. त्याला नाणी उचलता येईनात, बोटं जाड. रांग बघत राहिली. कोणी पुढे झालं नाही. मीही नाही. बाहेर पडताना त्याने बियरचं विचारलंसुद्धा नाही.

त्याच्या अंगाला ओल्या मेंढीचा वास येतो. आज त्यात शिळं दूधही होतं.

७ मे

मनोऱ्यापाशी संडास उपसत होतो. भुसा, कागद, लहान पोरांचे काय काय. तर उन्तो आला, खाडीला वळसा घालून, चालत. हातात पोतं. पोतं खाली ठेवलं. आत दोन कोकरं होती, कोल्ह्याने अर्धी सोडलेली. बंदूक नाही, मी काय करू, ओरडून पळतो का कोल्हा, म्हणाला. रात्रभर पातेलं वाजवत गोठ्याबाहेर बसतो. परवा डुलकी लागली.

मी फावडं खाली ठेवलं नाही.

म्हणाला, तू दिवसभर असतोस या बाजूला. तुला सगळं दिसतं. कोणी दिसलं होतं का रे बंदूक घेऊन फिरताना?

नाव न घेता, एस्टोनिया न म्हणता विचारलं. डोळे लाल, पापणीच्या कोपऱ्यात पांढरं साचलेलं. विनवतोय! हा!  लाथ घालावी असं वाटलं त्याला. पाया पडल्यासारखं कशाला बोलावं माणसाने?

नाही दिसलं, मी म्हटलं.

 मग थुंकला, माझ्या बुटापासून वीतभर. मुद्दाम की सवयीने कळलं नाही. कोकरं तुमच्या डब्यात टाकू का, म्हणाला, माझ्याकडे जमीन अजून आतून गोठलेली आहे, खणवत नाही. मी झाकण धरलं. त्याने एकेक ठेवलं आत. टाकलं नाही, ठेवलं.

बूट धुतला. तिथे काही लागलेलं नव्हतं तरी.

१० मे

सोमवारी पर्यावरण खात्याची बाई येणार आहे. सगळ्यांचे जबाब घेणार. लपणांची नोंदवही, मढी कुठून आणली, कोणी टाकली.

इर्याने पाव भाजला होता वेलदोड्याचा. समोर बसून विचारत होती — आईच्या दातांचा रंग कसा निवडतात? एकदम पांढरे नको म्हणावं, खोटे वाटतात. माझ्या बहिणीचे तसे झाले, हसली की सगळे दातांकडेच बघतात. मग तिने जुन्या काचेच्या बरणीतून आईसाठी जाम काढून ठेवला, मऊ पाहिजे म्हणून बिया गाळलेला. तिला माहीत नाही काही. पेंटीने सांगितलेलं नाही. मला खात्री आहे.

पेंटी म्हणाला, हंगामाचे पैसे सोमवारीच देऊन टाकतो, महिनाअखेर कशाला.

ठरलं. तोंड बंद. उन्तो माझा कोण? एक गरुडीण मेली, म्हातारीच होती. उद्या फळ्या बदलायच्या आहेत खाडीच्या टोकाला, त्याचा विचार करायचा.

१२ मे

बाई आली. हेता तिचं नाव. तरुणच, रबरी बूट, नाक शेंबडं — परागाचा त्रास म्हणाली. कॅफेत बसलो सगळे. टेलेर्वोबाईही होत्या, कोपऱ्यात, कोट न काढता.

पेंटी बोलत होता. चांगलं बोलतो तो. डुकरं कुठली, कागद हे बघा. हरीण एक, गाडीखाली आलेलं, तारीख ही. बाई लिहीत होती. मग तिने उन्तोचं विचारलं. पेंटीने पाव तोडला, खाता खाता सांगायला लागला — मी शेजाऱ्याबद्दल वाईट बोलणार नाही, पण दुकानात बोलला ते सगळ्यांनी ऐकलं, तो तसाच आहे, जनावराशी कसा वागतो तेही गावाला माहीत आहे. ओठावर साखर. जिभेने एका बाजूची चाटली, मग दुसऱ्या बाजूची.  इर्या मान हलवत होती, खरं वाटून. टेलेर्वोबाईपण. पातेलं वाजवत बसणारा तो म्हातारा, आणि ही वेलदोड्याची साखर! एकेक शब्द गोड करून आत ढकलतोय. आणि मी शेजारी बसून त्याच पावाचा तुकडा हातात धरलाय.

मढ्यांना चार वर्षं हात घातला. आज जेवढी किळस आली तेवढी कधीच आली नव्हती. कोणाची, ते सांगता येत नाही. पेंटीची असावी. पण वास माझ्याच तोंडातून येत होता.

उठलो. दाराशी खुर्ची पडली. बाहेर सायकलींपाशी वाकलो आणि सगळं आलं. पाव, कॉफी, नाकातून पण.

मागे दार वाजलं. मला वाटलं इर्या. रबरी बूट दिसले. त्या बाईने नाक पुसायचे कागद पुढे केले, तिच्या स्वतःच्या खिशातले, चुरगळलेले.

"तुझं काय म्हणणं आहे?" तिने विचारलं. "आत तुला कोणी विचारलंच नाही."

२४ मे

उन्तोला बंदुका मिळाल्या. लपणांना कुलूप. पैसे पेंटीने सोमवारी दिले नाहीत, मी मागितले नाहीत. निघताना इर्या दारात आली नाही.

इकडे दोनशे किलोमीटरवर कोंबड्यांच्या शेडमधे लागलोय. वास आहेच. पहिल्या आठवड्याचे हातात आले, त्यातून भाडं गेलं.

काइरेला सांगितलं, दहा जूनची वेळ पुढे ढकल. का ते आईला मीच सांगेन.

आईला पाठवतोय — ८५ युरो.